ऑटो ट्रॅप मशीन: क्ले आर्मवरच फुटतात, उरलेल्या 55 मीटरवर पडतात

घाटंजी_बाराबोअर

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात शेताच्या एका तुकड्यावर ट्रॅपच्या (हवेत फेकलेल्या क्ले, म्हणजे डांबरी पिचच्या तबकड्या, बंदुकीनं फोडायच्या खेळाच्या) सरावासाठी जुनी ऑटोमॅटिक मशीन बसवली आहे. रेंजच्या परवान्याचं काम चालू आहे, तोवर बंदूक नाही. नुसत्या क्ले फेकून मशीन जुळवणं चाललंय.

मशीन 12 व्होल्टची, मॅगझीनमध्ये (क्ले भरायच्या फिरत्या घरांत) आठ थप्प्या. क्ले 110 मिमीच्या, 150 नगांच्या पेटीतल्या. अडचणी अशा:

सकाळी सातला सगळं सुरळीत असतं. अकरानंतर दहातल्या दोन-तीन क्ले आर्मवरच (क्ले फेकणाऱ्या दांड्यावरच) फुटतात, आणि कधी कधी एकदम दोन खाली पडतात. ज्या जातात त्या 55 मीटरच्या पुढे जात नाहीत, मला 76 हवंय. स्प्रिंगचं नट आवळलं की फुटणं वाढतं, अंतर जेमतेम दोन-तीन मीटरनं वाढतं. मला बॅटरीचा संशय आहे, कारण आर्म फार हळू ताणला जातो. बॅटरी शूटरच्या जागेपाशी, मशीनपासून 15 मीटर मागे आहे, वायर 2.5 चौरस मिमीची.

शेवटचं म्हणजे, अवकाळी पाऊस झाल्यापासून क्ले उजवीकडे आणि खालून जातेय. बोल्ट एकही ढिला नाही. जमीन काळी, आधी पऱ्हाटी होती.

कुठून सुरुवात करू?

---

आर्म_आणि_रबर

भाऊ, सुरुवात स्प्रिंगच्या नटापासून सोडून कुठूनही करा. ते नट सगळ्यात शेवटी.

त्याआधी सुरक्षेचं. बॅटरीची वायर काढली म्हणजे आर्म मोकळा झाला, असं अजिबात नाही. ताणलेला आर्म वीज नसतानाही ताणलेलाच राहतो आणि त्याच्या फटक्यानं मनगट मोडतं. आर्म सोडायची वेगळी खटकी मशीनवर असेल तर ती वापरा. नसेल तर मॅगझीन पूर्ण रिकामं करा, मशीनच्या मागे लांब उभं राहून बटणानं फेकवा आणि आर्म पुन्हा ताणला जायच्या आत मेन स्विच बंद करा. मग बॅटरी सोडवा. लांब काठीनं आर्म हलवून बघा. सहज हलला, स्प्रिंग सैल दिसली, तरच हात घाला. गॉगल लावूनच, कारण क्लेचा तुकडा डोळ्यात जायला बंदूक लागत नाही.

आता मशीन काय करते ते बघा, म्हणजे बॅटरीचा संशय आपोआप जाईल. मोटर आणि गिअरबॉक्स आर्मला फिरवत स्प्रिंग ताणतात. ताण सगळ्यात जास्त असतो त्या बिंदूच्या किंचित अलीकडे लिमिट स्विच (आर्म ठरल्या जागी आला की दबणारा स्विच) मोटर बंद करतो. आर्म तिथून मागे येत नाही, कारण एकाच दिशेनं फिरणारं क्लच बेअरिंग त्याला धरून ठेवतं. तुम्ही बटण दाबता तेव्हा मोटर आर्मला फक्त उरलेले काही अंश ढकलते. तो बिंदू ओलांडला की पुढचं सगळं काम स्प्रिंगचं. म्हणजे बॅटरी कमजोर असेल तर आर्म हळू ताणला जाईल, अर्ध्यात अडकेल, पण क्ले कमी लांब जाणार नाही. तुमच्या बॅटरीचं दुखणं वेगळं आहे, त्यावर दुसरं कोणी लिहील.

अंतर कमी पडण्याची कारणं चार: आर्मचं रबर, प्लेटवरचा चिकटा, आर्मच्या शाफ्टचं बेअरिंग आणि थकलेली स्प्रिंग. क्ले फुटण्याची कारणंही बरीचशी हीच, म्हणून दोन्ही एकत्र तपासा.

पहिलं, प्लेट. फुटलेल्या क्लेची भुकटी पिच आणि चुनखडीची असते. उन्हानं ती प्लेटवर काळ्या पापुद्र्यासारखी बसते. लाकडी पट्टीनं खरवडा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं रॉकेलचा मागमूस ठेवू नका. रॉकेल रबराला लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. प्लेटवर तेल किंवा ग्रीस कधीच नाही. मशीन घासते असं वाटलं की लोक आधी तेलाचा डबा उचलतात, आणि तिथूनच क्ले घसरायला लागते.

दुसरं, रबर. क्ले आर्मवरून नुसती सरकत नाही, ती रबराच्या पट्टीवर लोळत टोकाकडे जाते आणि त्यातूनच तिला गिरकी मिळते. गिरकी भरपूर असेल तर ती हवेत सपाट राहून लांब जाते. रबर चकचकीत, कडक झालं असेल तर क्ले घसरते, गिरकी अर्धवट मिळते, मग ती हवेत डगमगते आणि लवकर बसते. तुमच्या 55 मीटरच्या क्ले हवेत डगमगतात का, ते कडेला उभं राहून बघा. साबणाच्या पाण्यानं पट्टी धुवा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. नखानं दाबून खड्डा पडत नसेल किंवा कुठं खाच असेल तर पट्टी बदला.

तिसरं, आर्मची उंची. इथेच बहुतेक वेळा चोर सापडतो. आर्म क्लेला तिच्या सगळ्यात रुंद कडेवर भिडला पाहिजे. वर सरकला तर घुमटाच्या उतारावर फटका बसतो आणि क्ले तडकते. तपासायची सोपी रीत: एका क्लेच्या कडेला ओला खडू किंवा गेरू फासा, वाळू द्या, ती एकटीच फेका, मशीन सोडवा आणि रबरावर उमटलेली रेघ पाहा. रेघ बुडापासून टोकापर्यंत अखंड, एकाच उंचीवर हवी. मध्येच तुटली तर तिथं क्ले उडी मारतेय. वर चढत गेली तर आर्म आणि प्लेट समांतर नाहीत. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर बुडाशी आणि टोकाशी आर्म-प्लेटमधली फट मोजा. दोन्हीकडे सारखी, साधारण 2 मिमीच्या आसपास हवी, आणि आर्म प्लेटला कुठंही घासता कामा नये.

चौथं, क्ले पडते ती जागा. मॅगझीन एक घर पुढे सरकलं की थप्पीतली सगळ्यात खालची क्ले सुटून प्लेटवर पडते आणि तिच्या वरचीला पात अडवून धरते. पातीची उंची क्लेच्या मापाशी जुळली पाहिजे. बाजारात 110 मिमीची आणि अमेरिकन 108 मिमीची अशा दोन जाती आहेत आणि दोघींची जाडीही सारखी नाही. जुनी मशीन 108 वर बसवलेली असेल तर 110 ची क्ले अडखळत, तिरपी पडते. तिरपी पडलेली क्ले आर्मखाली फुटणारच. पातीखालचे वॉशर बदलून खालची क्ले दीड-दोन मिमी मोकळी सुटेल असं करा.

या चारही गोष्टी बघून इथे लिहा. तोवर नटाला पाना लावू नका.

---

पांदण_रस्ता

भाऊ, मशीन चांगलीच असंन, आधी पेट्या कुठं ठेवता ते सांगा. टिनाच्या शेडात असतीन तर अर्धा घोळ तिथंच हाय. क्लेमधी पिच असते. आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर पारा, अन् टिनाखाली त्याहूनही जास्त. नवतप्यात तं पिच नरम पडते, वरच्या वजनानं खालच्या क्लेची कड दबते अन् एकीत एक फसून बसते. मंग मॅगझीनमधून दोन-दोन संगं पडतात. तुमचं सकाळी बरोबर अन् अकरानंतर खराब, ते काहून होते हे समजलं न आता.

पेट्या मातीच्या कोठ्यात नाही तं पक्क्या स्लॅबखाली ठेवजा, फरशीवर नाही, लाकडाच्या फळीवर. एक पेटी पावणेसोळा किलोची भरते, म्हणून पाच-सहाच्या वर थर नोका करू. कूलरच्या खोलीतही नोका ठेवू. ओल धरून पुठ्ठा बसते अन् सारी थप्पी कलते.

मशीनवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर करा. अर्ध्या घंट्यात लागतीन तेवढ्याच क्ले मॅगझीनमधी भरा. भरतानी हरेक क्ले सुटी करून, हातात एकदा फिरवून टाकजा. चिकटलेल्या दिसल्या तं जोर लावून नोका काढू, सावलीत गार होऊ द्या, मंग सुटतात.

डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. थंड सकाळी क्ले ठिसूळ होते. तवा पेट्या आदल्या रात्री घरात आणून ठेवजा.

---

बारा_व्होल्ट

आर्म_आणि_रबर यांनी बॅटरी आणि अंतराचा संबंध तोडला ते योग्यच. तरी वायरचं काम तातडीनं करा.

हिशोब सरळ आहे. तांब्याचा रोध दर मीटरला, दर चौरस मिमीला साधारण 0.0175 ओहम. तुमची वायर जाऊन-येऊन 30 मीटर, 2.5 चौरस मिमी, म्हणजे 0.21 ओहम. स्प्रिंग ताणताना मोटर 20 अँपिअर ओढत असेल तर वायरमध्येच 4.2 व्होल्ट गेले. 12.6 मधून मोटरपर्यंत 8.4 पोचले. मोटर हळू चालणार, तापणार, आणि ब्रश खाणार. बॅटरी नवी आणली तरी हेच होईल.

बॅटरी मशीनपाशी न्या. दीड मीटर, 6 चौरस मिमीची वायर घेतली की 20 अँपिअरला 0.2 व्होल्टसुद्धा पडत नाहीत. मागे फक्त बटणाची वायर आणायची, आणि बटणानं मोटर थेट चालवायची नाही, गाडीतला 12 व्होल्टचा रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा. रिलेच्या कॉइलला 0.15 अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणून 0.75 चौरस मिमीची दोन तारांची केबल 30 मीटरलाही चालते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात 30 अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज मशीनजवळ टाकला तर मधली वायर शॉर्ट झाल्यावर तो काही वाचवत नाही.

बॅटरी मोठी घ्यायची गरज नाही. एका क्लेला 15 अँपिअर दोन सेकंद धरले तर 300 क्लेला अडीच अँपिअर-तास लागतात. ट्रॅक्टरची बॅटरी यात निवांत चालते. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासाचीही चालेल, पण ती रोज उचलणं पाठीला झेपत नाही. थ्री फेज लाइट रात्रीच येते अशा गावात एक छोटं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर कायमचा जोडून ठेवलेला बरा. मोजायचं ते असं: आर्म ताणला जात असताना मल्टिमीटर मोटरच्या टोकांवर धरा, आर्मच्या फेऱ्याबाहेर राहून, क्लिपच्या तारांनी. 11 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. उभ्या बॅटरीचे 12.6 पाहून समाधान मानू नका.

---

घाटंजी_बाराबोअर

सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं.

बॅटरी मशीनपाशी नेली, रिले लावला, आर्म आता झटक्यात ताणला जातो. पेट्या टिनाखालीच होत्या, त्या घरात हलवल्या. दोन-दोन पडणं थांबलं, फुटणं कमी झालं, पण संपलं नाही.

खडूची रेघ बुडाकडे नीट आहे, मधल्या भागापासून वर चढत जाते आणि टोकाशी तुटक होते. फट बुडाशी 2 मिमी, टोकाशी 5. आर्म सोडवल्यावर स्प्रिंग पूर्ण सैल असतानाही तिच्या वेटोळ्यांमध्ये फट दिसते. रबर धुतलं, अजून मऊ आहे.

आणि एक महत्त्वाचं लिहायचं राहिलं होतं: बटण न दाबता आर्म अधूनमधून स्वतःहून सुटतो.

---

आर्म_आणि_रबर

शेवटचं वाक्य सगळ्यात आधी. जोवर याचं कारण सापडत नाही तोवर मॅगझीन भरायला कोणीही मशीनपाशी जायचं नाही. मशीन सोडवल्याशिवाय नाहीच नाही.

बटणाची केबल मशीनकडून काढून टाका, आर्म ताणू द्या आणि दुरून पाहत राहा. आता सुटत नसेल तर दोष केबलमध्ये. शेतात हे हमखास घडतं: उंदीर आवरण कुरतडतात, दव पडलं की दोन तारा जुळतात आणि मशीनला बटण दाबल्यासारखंच वाटतं. केबल अर्धा इंची पीव्हीसी पाइपमधून घ्या आणि जोड जमिनीवर ठेवू नका.

केबल काढूनही सुटत असेल तर लिमिट स्विच बघा. तो उशिरा बंद होतोय, म्हणजे आर्म त्या बिंदूच्या फार जवळ जाऊन थांबतोय, आणि वाऱ्याच्या किंवा मॅगझीनच्या हादऱ्यानंही पलीकडे जातो. स्विचची पट्टी सैल झाली असेल किंवा खालचे स्क्रू सरकले असतील. स्विच अशा बाजूला सरकवा की मोटर आधी बंद होईल. किती आधी ते मशीनच्या पुस्तकात असतं. पुस्तक नसेल तर थोडं थोडं सरकवत जा, आर्म ताणून पाच मिनिटं तसाच ठेवून दुरून बघा.

तिसरी शक्यता क्लच बेअरिंगची. ते घसरत असेल तर उलटं दिसतं: आर्म ताणून थांबल्यावर हळूहळू मागे येतो, लिमिट स्विच सुटतो, मोटर पुन्हा ढकलते, पुन्हा मागे. मोटर मधूनच 'घुर्र' करत राहते ती याचमुळे. दुरुस्ती नाही, बेअरिंग बदला. अशा जागी सीएसके 25 सारखी जात वापरतात. तिचं माप 25 बाय 52 बाय 15, म्हणजे नेहमीच्या 6205 इतकंच. दुकानदार माप पाहून साधं 6205 हातात देतो. साधं बेअरिंग दोन्ही दिशांना फिरतं, ते बसवलं तर आर्म धरलाच जाणार नाही. काउंटरवरच हातानं फिरवून बघा, एका बाजूला अडलं पाहिजे. आणि तुमच्या मशीनमधलं काढलेलं मोजून मगच मागा, मापं वेगळी असू शकतात.

आता टोकाशी 5 मिमी. आर्म सोडवलेला असताना टोक धरून वर-खाली हलवा. खुळखुळ जाणवली तर शाफ्टचं बेअरिंग गेलं, तेच बदला. खुळखुळ नसेल आणि तरी फरक असेल तर आर्म वाकला आहे किंवा त्याचा बोल्ट बसतो तिथं कचरा अडकून तो कललाय. आधी काढून साफ करा. ॲल्युमिनियमचा आर्म वाकला असेल तर हातोडीनं सरळ करू नका. तो सरळ दिसेल, पण आत चीर राहते आणि पुढे कधीतरी पूर्ण वेगात तुकडा सुटतो. नवा आर्म घ्या. तुमचं फुटणं याच 3 मिमीच्या फरकात आहे, अशी माझी खात्री आहे.

स्प्रिंग तर थकलीच. खेचायची स्प्रिंग सैल असताना वेटोळी एकमेकांना चिकटलेली हवीत. पोस्टकार्ड आत जात असेल तर ती लांबलेली आहे आणि नट कितीही आवळलं तरी जोर परत येणार नाही. म्हणूनच तुमचं अंतर दोन-तीन मीटरच वाढलं.

---

तार_आणि_वेटोळं

स्प्रिंग कंपनीची मिळत नसेल तर अकोला, अमरावती, नागपूरच्या एमआयडीसीत करून मिळते. नुसता जुना नमुना देऊ नका, तो लांबलेला आहे, ते तशीच लांब करून देतील. कागदावर लिहून द्या: तारेची जाडी व्हर्नियरनं मोजून, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या, हुकांची दिशा, आणि वेटोळी चिकटलेली धरून येणारी लांबी. ती लांबी काढायची तर वेटोळ्यांची संख्या अधिक एक, गुणिले तारेची जाडी, आणि त्यात दोन्ही हुकांची उंची मिळवायची.

तार आयएस 4454 (स्प्रिंगच्या तारेचं भारतीय मानक) मधली एसएच किंवा डीएच ग्रेडची मागा. बांधकामाची सळई किंवा साधी एमएस तार गुंडाळून दिलेली स्प्रिंग पहिल्याच दिवशी लांबते.

"थोडी जाड तार घालून द्या, जोर वाढेल" हा मोह टाळा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 6 मिमीऐवजी 6.5 घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. मोटर आणि क्लच बेअरिंग दोन्ही त्यासाठी बनलेले नसतात, आणि क्लेही नसते.

हुक गॅसनं तापवून वाकवलेला किंवा वेल्डिंग केलेला नको. तापलेल्या जागेचा ताव जातो आणि हुक तिथूनच तुटतो. स्प्रिंगच्या पोटातून 3 मिमीची वायर दोरी ओवून दोन्ही टोकांना सैल बांधून ठेवा. हुक तुटला तर स्प्रिंग बाहेर उडत नाही.

---

मुरूम_भर

उजवीकडे आणि खालून जाण्याचं कारण मशीनमध्ये नाही, जमिनीत आहे. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. पाऊस सगळीकडे सारखा मुरत नाही. छपराच्या पागोळ्या पडतात त्या बाजूची माती आधी फुगली, चौथरा तिकडून उचलला गेला, मशीन कलली. बोल्ट घट्टच राहणार, कारण चौथऱ्यासकट सगळं हललंय. मशीनवर एका अंशाचा फरक पडला तर 76 मीटरवर 1.3 मीटरचा होतो, एवढं ध्यानात घ्या.

काळ्या मातीवर सरळ काँक्रीट ओतू नका. दीड मीटर बाय दीड मीटर, 90 सेंटीमीटर खोल खणा. 75 सेंटीमीटर मुरूम भरा, 15-15 सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं कुटायचा. एकदम भरून वरून कुटलं तर खालचा भाग पोकळ राहतो. वर 15 सेंटीमीटरचा सळईचा स्लॅब, त्यात एम-12 चे चार अँकर बोल्ट. काँक्रीट ओतायच्या आधी मशीनच्या पायाचा प्लायवुडचा साचा करून बोल्ट त्यातच अडकवा, नाहीतर नंतर भोकं जुळत नाहीत. पागोळ्यांचं पाणी नाली काढून दूर न्या.

खड्ड्यातलं ट्रॅप हाउस (मशीन ठेवायची खोली) काळ्या जमिनीत करूच नये, असं मी स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात विहिरीसारखं भरतं, आणि फुगलेली माती भिंती आत ढकलते. जमिनीवर बांधा, शूटरच्या बाजूला मातीचा बांध आणि वाळूची पोती रचा. शेतात कुठं बरड, मुरमाड तुकडा असेल तर तिकडेच न्या, पाया निम्म्या कष्टात होतो.

जागा बदलणारच असाल तर दिशा आत्ताच ठरवा: शूटरचं तोंड उत्तर ते ईशान्य. सूर्य डोळ्यात येत नाही.

---

रोही_आणि_धुरा

जागेबद्दल आणखी दोन बाबी, परवान्याचं काम चालू आहे म्हणून.

ट्रॅप मशीनला परवाना लागत नाही, बंदुकीला आणि रेंजला लागतो. घाटंजी म्हणजे टिपेश्वर अभयारण्य जवळ. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 34 नुसार अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वन विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. जागेचं अंतर नकाशावर आधी मोजून घ्या, अर्ज त्यावरच अडतो.

दुसरं, छर्रे. साडेसात नंबरचा छर्रा जास्तीत जास्त 200 मीटरच्या आसपास जातो, पण समोर 275 ते 300 मीटर मोकळं धरतात आणि कडेच्या कोनांकडेही तेवढंच. त्यात पांदण, विहीर, शेजाऱ्याचा धुरा येता कामा नये. छर्रे शिशाचे असतात. त्या पट्ट्यात ज्वारी-मका चाऱ्यासाठी पेरू नका, गुरं सोडू नका. कडब्याबरोबर छर्रे पोटात गेले तर जनावर शिशानं मरतं. क्लेचे तुकडेही वेचून घ्या, डांबरी पिच डुकरांना विषारी असतं.

---

घाटंजी_बाराबोअर

केबल काढल्यावर आर्म सुटणं थांबलं. छपराखाली एका जागी तारा उघड्या सापडल्या, उंदरांचंच काम. शाफ्टचं बेअरिंग खुळखुळत होतं, नवं बसवल्यावर फट दोन्हीकडे 2 मिमी आली. स्प्रिंग करायला दिली आहे, चौथरा मुरूम भरून नव्यानं घेतोय. स्प्रिंग आल्यावर अंतर कसं लावायचं?

---

आर्म_आणि_रबर

आधी 76 चा आग्रह तपासा. 76 मीटर हे ऑलिंपिक ट्रॅपचं माप आहे आणि तिथे खंदकात 15 मशीन असतात, तीन-तीनचे पाच गट. तुमची एकच मशीन, तीही बहुधा 60-65 मीटरच्या कामाची. तिच्याकडून ओढून-ताणून 76 काढलं तर क्ले पुन्हा फुटायला लागतील. नव्या माणसाच्या सरावाला 60 मीटर भरपूर होतं.

सकाळी वारा पडलेला असताना लावा. उंची आधी, अंतर नंतर, कारण कोन बदलला की अंतरही बदलतं. मशीनच्या पुढे 10 मीटरवर बांबू रोवा, त्यावर दीड मीटर आणि साडेतीन मीटरवर लाल फडकी बांधा. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये 10 मीटरवर क्ले या दोन उंचींच्या मध्ये असते. तुम्ही अडीचच्या आसपास ठेवा. क्ले बांबूपाशी एका कडेवर कललेली दिसली तर मशीन आडवी लेव्हल नाही. स्पिरिट लेव्हल प्लेटवर ठेवून पायाखाली पत्री सारा.

नव्या स्प्रिंगला हुक नुसता अडकेल इतक्या ताणापासून सुरुवात करा. आट्याचा बोल्ट एम-12 असेल तर नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला स्प्रिंग 1.75 मिमी ताणली जाते. अर्धा फेरा आवळा, पाच क्ले फेका, पडलेल्या जागी खुंट्या ठोका, मधल्या खुंटीपर्यंत टेप धरा. पाच खुंट्या पाच-सहा मीटरच्या आत आल्या नाहीत तर नटाला हात लावू नका, रबर आणि प्लेट परत बघा. एखादी क्ले फुटली तर अर्धा फेरा मागे या, तीच तुमच्या मशीनची मर्यादा.

पाना लावताना दर वेळी आर्म सोडवलेला. अंतर मनासारखं लागलं की दुसरं नट लॉक म्हणून आवळा आणि दोन्ही नटांवरून बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली दिसली त्या दिवशी मॅगझीन भरायचं नाही.